बारा शेंड्यांची भाजी

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि मुलींनी ओढा ओलांडायचा नाही असं वडिलांनी ठरवलेलं, म्हणून चौथी. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे झाडांवर डॉक्टरेट केलेली एक बाई चष्मा काढून माझ्या शेजारी वाकून उभी राहिली, आणि ते वाचून कुणी म्हणायला नको की कुंदाबाई जरा जास्त शिकलेली असणार. नाही. चौथी. बाकी जे येतं ते बार्शीकडच्या अकरा एकर काळ्या रानानं शिकवलंय. मालक गेल्यावर वीस वर्षं मी त्यात एकटीनं हरभरा काढला आणि एकही वर्ष रान पडीक ठेवलं नाही.

माझा मुलगा पद्माकर जर्मनीत बॉबलिंगेनला असतो, गाड्यांच्या कंपनीत. सून मीनल पुण्याची, तीही कॉम्प्युटरवालीच. आणि नात वल्लरी, सोळा वर्षांची, तिथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून जर्मन येतं. लाडात आली की मराठी, रागावली की नुसतं जर्मन, त्यामुळे तिचा मूड ओळखायला मला तिचं तोंड बघावं लागत नाही. मी मराठीत बोलते, ती अर्धंमुर्धं जर्मनमध्ये उत्तर देते आणि आमचं चालतं. इथे तिचं बोलणं मी मराठीतच लिहिते. मला काय कमी त्रास आहेत?

गेल्या जानेवारीत मी तीन महिन्यांच्या व्हिसावर तिसऱ्यांदा गेले. घरात शिरले तर बैठकीच्या खिडकीत दह्याचे रिकामे डबे मांडलेले. चांगले धुऊन, बुडाला भोकं पाडून, प्रत्येकावर नंबर घालून. पुढे त्यात वाटाणे उगवले. चोवीस डबे, चोवीस झाडं, वर एक जांभळट दिवा, सकाळी सहाला आपोआप लागणारा.

"शेंगा कधी धरणार?" मी विचारलं.

"शेंगांसाठी नाहीत, आजी. प्रयोग आहे."

मार्चमध्ये तिथल्या शाळांची विज्ञान स्पर्धा होती. प्रत्येक विषयातले पहिले दोन पुढे स्टुटगार्टला जाणार. आदल्या वर्षी वल्लरी गेली होती, काहीच मिळालं नाही, आणि घरी येऊन बाथरूमचं दार लावून तासभर बसली होती. हे मला मीनलनं फोनवर सांगितलं होतं. म्हणून यंदा दिवाळीपासून पोरगी प्रयोगाच्या मागे लागली होती. मैत्रिणींचे वाढदिवस सोडले, सिनेमा सोडला. झाडं उगवल्यावर रोज पट्टी घेऊन ती मोजायची आणि वहीत लिहायचं. मला ते आवडलं. आमच्या घरात अर्धवट काम करणारं माणूस मी जन्माला येऊ दिलेलं नाही.

एका रविवारी ती ब्लेड घेऊन खिडकीशी बसली. मी शेजारी खुर्ची ओढली.

"काय करतेस ते मला नीट सांग. जर्मन कमी."

"आल्झो, आजी. झाडाच्या शेंड्यात एक हार्मोन तयार होतं. ऑक्सिन."

"हार्मोन माझ्या थायरॉईडच्या गोळीत असतं. सकाळी उपाशीपोटी. वाटाण्याला कसलं आलंय हार्मोन?"

"सगळ्या झाडांना असतं. झाडाला मेंदू नाही, नसा नाहीत. मग खालच्या पानाला कसं कळणार वर काय चाललंय ते? रसातून निरोप जातो. ऑक्सिन शेंड्यातून खाली उतरतं, आणि पानांच्या बेचक्यात जे डोळे असतात ना, ते त्याच्यामुळे झोपून राहतात. म्हणून झाड सरळ वर जातं, फांद्या फुटत नाहीत. शेंडा कापला की तो निरोप बंद. मग दुसरं एक हार्मोन त्या डोळ्यांना जागं करतं आणि फांद्या फुटतात."

मीनल ओट्याशी कांदा चिरत होती. ती हसली.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही, आई. वरच्यानं निरोप पाठवायचा आणि खालच्यांनी झोपून राहायचं, याला शास्त्रात नाव आहे हे मला माहीत नव्हतं."

पद्माकरनं मोबाईलमध्ये तोंड घातलं. त्याला वाटतं मला दिसत नाही.

"शेंडा होता म्हणून झाड सरळ वाढलं," मी म्हणाले.

"हो ना," मीनल म्हणाली आणि कांदा चिरत राहिली. पुण्याची आहे. हो म्हणते आणि त्यातच सगळं म्हणून घेते.

मी वल्लरीला विचारलं, ही झाडं खिडकीकडे का वाकतात? तर म्हणाली तेही ऑक्सिनच. उजेडाच्या बाजूनं सरकून सावलीच्या बाजूला जमतं, मग सावलीची बाजू जास्त लांब वाढते आणि झाड आपोआप उजेडाकडे झुकतं. आणि उन्हाच्या कडाक्यात पाणी तुटलं तर? तर म्हणे त्याचं हार्मोन वेगळं. ते पानांची बारीक तोंडं मिटवून घेतं, आतलं पाणी उडू नये म्हणून. मी ऐकत राहिले. चाळीस वर्षं हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि नावं मला आज कळत होती. जणू शेजारी राहणाऱ्या माणसांची आडनावं कुणीतरी इतक्या वर्षांनी सांगावीत.

मग तिनं बारा झाडांचे शेंडे ब्लेडनं उडवले. त्यातल्या सहांच्या कापलेल्या टोकाला शाळेतून आणलेलं मलम लावलं, त्यात ते ऑक्सिन मिसळलेलं, म्हणजे झाडाला वाटावं शेंडा अजून आहे. दुसऱ्या सहांना नुसतंच मलम. उरलेल्या बारांबद्दलही ती काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी उठले. सांगणारी सांगत राहिली, ऐकणारी ओट्यावर. तिथेच घोळ झाला.

सोमवारी घरात मी एकटी. पद्माकर आणि मीनल ऑफिसला, वल्लरी शाळेत. चहा घेऊन खिडकीशी गेले तर बारा झाडं खुडलेली, बारा तशीच.

आता हरभऱ्याचं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पेरल्यावर महिना-सव्वा महिन्यानं, फुलं यायच्या आत, हरभऱ्याचे शेंडे खुडायचे. खुडलं की झाड पसरतं, फांद्या वाढतात, घाटे वाढतात, आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते ती वेगळीच. पाल्याची आंब बोटांना लागते, नखांच्या कडा चुरचुरतात. बायका ओळ धरून बसतात आणि ओळ संपेपर्यंत उठत नाहीत. अर्ध्या ओळीवर उठून गेली ती बाई दुसऱ्या दिवशी माझ्या रानात आली नाही. मी येऊ दिली नाही.

आणि इथे माझ्याच नातीनं अर्धी ओळ सोडलेली. मला वाटलं, पोर थकली असेल, शाळेचा अभ्यास असतो. मी चहा खाली ठेवला आणि उरलेली बारा नखानं खुडली. ब्लेड नाही, काही नाही. दोन पानं आणि टोक, एका झटक्यात. माझा हात अजून तसाच चालतो हे बघून मला बरंही वाटलं. पाला मूठभरच निघाला. पालक होता, त्यात मिसळला, भरपूर लसूण ठेचला, शेंगदाण्याचं कूट लावलं आणि गरगटून ठेवलं.

रात्रीच्या जेवणाला वल्लरीनं दोनदा भाजी घेतली. "आजी, आज काय घातलंस? मस्त झालीय." चक्क मराठीत.

मी फुशारले. "तुझेच वाटाणे. तू अर्धे खुडायचे ठेवले होतेस ना, ते पुरे केले."

तिचा घास तोंडापाशी थांबला. ती उठली, खिडकीपाशी गेली, आणि तिथेच उभी राहिली. मग जे बोलली ते सगळं जर्मनमध्ये होतं. मला त्यातला एकच शब्द कळला, 'कंट्रोल', कारण तो ती चार वेळा म्हणाली. मग खोलीचं दार वाजलं.

पद्माकरनं मला समजावलं. तो समजावतो तेव्हा आवाज खाली आणतो, जसा काही मी बँकेचा फॉर्म चुकवलाय. न कापलेली बारा झाडं मुद्दामच तशी ठेवलेली होती. कापलेल्याला काय झालं हे सांगायचं तर न कापलेलं शेजारी हवं. ते नसेल तर परीक्षक विचारणार, फांद्या कापल्यामुळेच फुटल्या कशावरून? आणि त्यावर उत्तर नाही.

"मग पुन्हा पेरू," मी म्हणाले.

"आई, स्पर्धेला एकोणीस दिवस आहेत."

एकोणीस. वाटाणा मी ओळखते. त्या गारठ्यात एवढं उंच यायलाच त्याला पंधरा दिवस, आणि खुडल्यावर काय होतं ते बघायला आणखी दहा. मनात मोजलं आणि गप्प बसले. मी गप्प बसले की घरात सगळ्यांना भीती वाटते, पण त्या रात्री कुणाला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मॅडमशी, फ्राऊ लेमानशी, मीनलनं फोनवर बोलून घेतलं. मॅडम म्हणाल्या, दोनच मार्ग आहेत. नाव मागे घ्या, किंवा जे उरलंय त्यातून दुसरं काही काढा. पण काय झालं ते लपवायचं नाही, कागदावर लिहायचं. शुक्रवारपर्यंत कळवा.

वल्लरी मला जर्मनमध्ये गुड मॉर्निंग म्हणायची आणि निघून जायची. तीन दिवस. मी माफी मागितली का? मागितली. पण माझी माफी मागायची रीत अशी की मी तिचे बूट पुसून ठेवले, डब्यात थालीपीठ दिलं आणि तोंडानं काही बोलले नाही. मीनल म्हणाली, "आई, तोंडानं म्हणा. बूट तिला कळत नाहीत." सून मला शिकवणार! पण बरोबर होतं. गुरुवारी ती शाळेतून आली तेव्हा मी दारातच म्हणाले, "चुकले मी. तुझं ऐकून घ्यायला हवं होतं."

ती बॅग धरून उभी राहिली. "यू ओके, आजी?" म्हणाली. तेही इंग्रजीत. म्हणजे राग आणि लाड यांच्या मधे कुठेतरी पोचलो होतो.

"इकडे ये. तुला एक दाखवायचंय."

तीन दिवस मी त्या खिडकीशीच बसून होते, दुसरं करणार काय? मी खुडलेल्या बाराही झाडांना डोळे फुटले होते. प्रत्येकाला दोन, एक वरच्या बेचक्यात, एक खालच्या. तांदळाच्या दाण्याएवढे, हिरवे.

"हे बघ, दोन-दोन फुटलेत. यातला एकच वाढणार. दुसरा बसून राहणार."

"हं. कळलं. कापल्यावर आधी जास्त फुटतात, मग एक वरचढ होतो. पुस्तकात आहे."

"पुस्तकात कुठला होणार ते आहे?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "नाही. बहुधा वरचा, असं आहे."

"बहुधा," मी म्हणाले. "या डब्यात वरचा. या डब्यात खालचा. याच्यातही खालचा. हा वरचा."

"कशावरून?"

"दिसतंय की."

"आजी, दिसतंय हे उत्तर नाही. काय दिसतंय?"

आता हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. रानात बायकांना मी सांगायचे, ही फांदी ठेव, ती काढ, आणि त्या काढायच्या. काय दिसतं म्हणून विचारायची कुणाची छाती नव्हती. मी चष्मा लावला, काढला, पुन्हा वाकले. "फुटव्याच्या टोकाकडे बघू नकोस. टोक फसवतं. बुडाकडे बघ, जिथे तो खोडाला चिकटलाय. ज्याचं बूड आधी भरतं, खोडात मुरल्यासारखं दिसतं, तो जिंकतो. दुसऱ्याचं बूड चिमटलेलं राहतं. उंच असला तरी तो राहत नाही. ज्यानं आधी खाली वाट पाडली, त्याचं झाड."

वल्लरी लॅपटॉप घेऊन आली आणि खाली जमिनीवर बसून वाचायला लागली. मग तिनं मान वर केली. म्हणाली, शास्त्रज्ञ म्हणतात, वाढणारा प्रत्येक फुटवा स्वतःचं ऑक्सिन खाली खोडात सोडतो. ते जिथून वाहतं तिथे हळूहळू नळी तयार होते, रस्ताच. ज्याचा रस्ता आधी पक्का झाला त्याचं ऑक्सिन खोडात भरतं, मग दुसऱ्याला स्वतःचं सोडायला वाव राहत नाही आणि तो झोपतो.

"मग मी दुसरं काय म्हणाले?"

"गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे अगदी तेच. "पण तू ते नुसत्या डोळ्यांनी कसं..." आणि एकदम उठली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आरशात पाहिलेलं आहे, तरुणपणी.

त्याच संध्याकाळी तिनं फ्राऊ लेमानला कळवलं, नाव मागे घेत नाही, प्रयोग बदलतोय. मलम लावलेली बारा बाजूला ठेवली आणि सगळ्या घराला कामाला लावलं. मी बाराही डब्यांसमोर बसून एकेक सांगायचं, वरचा की खालचा. तिनं लिहायचं. तो कागद मीनलनं पाकिटात घालून चिकटवला, वर तारीख टाकून सही केली. मी सात वेळा वरचा म्हणाले, पाच वेळा खालचा. आणि त्यानंतर, हे ऐका, मला खिडकीपासून हद्दपार केलं. पाणी घालायचं नाही, डबा फिरवायचा नाही, फुंकर मारायची नाही. मी हात लावला तर मी सांगितलेला फुटवा मीच जिंकवला असं होईल. पद्माकरनं जमिनीवर पांढरी टेप चिकटवली.

"आई, या रेषेच्या अलीकडे."

"आणि ओलांडली तर?"

"तर वल्लरी तुम्हाला परत बार्शीला पाठवेल," मीनल म्हणाली. फार आनंदात होती.

पांढऱ्या रेषेमागे मी दहा दिवस बसले. तुम्हाला सांगते, काही न करता बसणं यासारखं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. समोर एका डब्यातली माती सुकलेली दिसायची आणि मला हाक मारावी लागायची, "अगं, सात नंबर!" वल्लरी यायची, माती बघायची, वहीत बघायची आणि म्हणायची, "उद्या सकाळी. ठरलेल्या वेळीच." आणि सात नंबर काही मेला नाही. तेही मी पाहिलं.

अकराव्या दिवशी, सोमवारी, पाकीट फोडलं. बारांपैकी दहा बरोबर.

"दोन चुकले कसे?" मी म्हणाले. "त्या नवव्या डब्यात माती घट्ट भरलीय तुम्ही."

"आजी! डोळे मिटून सांगितलं असतं तर बारांत दहा बरोबर यायची शक्यता शंभरात दोन आहे. दोन!"

"असेल. पण नऊ नंबरची माती घट्ट आहे."

मग तिनं चार डब्यांतले जिंकलेले फुटवे कापले. मला वाईट वाटलं, माझे होते ते. पण तिला बघायचं होतं की हरलेला मेलाय की नुसता थांबलाय. गुरुवारी सकाळी चारही डब्यांतले हरलेले हलले होते. ताजे हिरवे, एकाला तर पान उघडलेलं. मीनल ऑफिसला निघता निघता खिडकीशी थांबली, पायात एक बूट, हातात एक.

"बघितलंत, आई? इतके दिवस झोपलेला, आणि वरचा गेल्यावर तीन दिवसांत उठला."

"मुळं माझ्याच मातीत होती म्हणून उठला," मी म्हणाले. मग ती बूट घालायला वाकली तेव्हा म्हणाले, "उद्याचा स्वयंपाक तू कर. तुला हवा तसा. मी ओट्याशी येणार नाही." तिनं वर पाहिलं नाही, पण बुटाची नाडी बांधायला तिला फार वेळ लागला.

शनिवारी गावच्या मोठ्या हॉलमध्ये सगळे. मी नऊवारी नेसले, वर पद्माकरचा जाड कोट. टेबलावर बारा डबे, मागे वल्लरीनं केलेला तक्ता. मी मीनलला म्हणाले, सगळं वाचून दाखव. वाचता वाचता ती एका ओळीवरून पुढे सरकली. माझ्या लक्षात आलं.

"ते मधलं काय?"

"ते... न कापलेली झाडं प्रयोगातून गेली, घरगुती कारणानं, असं आहे."

घरगुती कारण! मी कारण? आणि तेही घरगुती?

पण बोलायला वेळ नव्हता, परीक्षक आले. तिघं. एक उंच माणूस, एक तरुण, आणि एक पिकलेल्या आखूड केसांची बाई, डॉक्टर फोग्ट. तिच्या बोटांच्या पेरांत माती मुरलेली मी लांबूनच पाहिली आणि मनात म्हटलं, ही खरी. वल्लरी बोलली. मला सगळं कळलं नाही, पण ती अडखळली नाही, हात हलवत नव्हती, आणि विचारलेलं ऐकून घेऊन मग उत्तर देत होती. चार पिढ्यांत आमच्या घरात ऐकून घेऊन उत्तर देणारं हे पहिलंच माणूस.

मग उंच माणसानं तक्त्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. वल्लरी लाल झाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला कळलं, तेच विचारलंय, घरगुती कारण म्हणजे काय. पोर मला झाकत होती. एवढा मोठा हॉल, एवढी माणसं, आणि ती स्वतःचा नंबर पणाला लावून आजीला पदराआड घेत होती. मला कुणी पदराआड घ्यायचं नसतं.

मी पुढे झाले. भाजीवाल्या तुर्की माणसाकडून उचललेलं जेवढं जर्मन होतं तेवढं काढलं. छातीवर हात ठेवला.

"इश. गेगेसन." मी. खाल्लं. आणि अर्धवट सांगायचं नाही म्हणून पुढे म्हणाले, "मिट क्नोब्लाउख." लसूण घालून.

उंच माणूस जो हसायला लागला तो थांबेना. वल्लरीनं डोळे मिटले. मग उघडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, मीसुद्धा खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.

फोग्टबाई हसली नाही. तिनं वल्लरीला विचारलं, आणि वल्लरीनं मला मराठीत सांगितलं, "आजी, त्या म्हणतायत, कुठला फुटवा जिंकणार हे तू ओळखलंस, ते त्यांना बघायचंय. आत्ता."

"बघू दे."

बाईनं मला पाठमोरी उभी केली, डबे इकडचे तिकडे केले, नंबरांवर चिकटपट्टी लावली. मग एक डबा पुढे ठेवून फुटव्यांच्या वरच्या भागासमोर दोन कागद आडवे धरले, म्हणजे मला नुसतं खोड आणि दोन बुडं दिसावीत. उंची नाही, पानं नाहीत. मी चष्मा लावून वाकले.

"खालचा."

कागद काढला. खालचा वीतभर वाढलेला, वरचा तसाच दाण्याएवढा.

दुसरा डबा. "वरचा." बरोबर.

तिसऱ्याला मी वेळ घेतला. माती घट्ट. ओळखलं मी त्याला. "वल्लरी, यांना सांग, हा डबा मी तेव्हा चुकले होते. वरचा म्हणाले होते. तेव्हा बुडं बारीक होती. आता दिसतंय, खालचा आहे."

वल्लरीनं सांगितलं. बाईनं कागद काढला, पाहिलं, आणि मग ती बाई चष्मा काढून माझ्या शेजारी वाकली, गालाला गाल लागेल इतकी जवळ, आणि त्या बुडाकडे बघत राहिली. मी नखानं दाखवलं, इथे भरतं, इथे चिमटतं. तिनं मान हलवली, जणू झाडाचा तो निरोप आम्हा दोघींनाच कळला होता. उभी राहिल्यावर तिनं वल्लरीशी बराच वेळ बोलून घेतलं.

निकाल चार वाजता. पहिला नंबर दोन मुलांना मिळून, कसल्याशा शेवाळ्याबद्दल. दुसरा वल्लरी शेळवणे. दुसरा म्हणजे स्टुटगार्ट. पद्माकर, जो लग्नातही ओरडला नव्हता, तो ओरडला. वल्लरी स्टेजवर गेली आणि मी उभी राहिले. सगळे बसले होते. मी बसले नाही. त्या हॉलमध्ये तिला मागे कुणीतरी उभं दिसायला हवं होतं, आणि माझी उंची कमी आहे.

फोग्टबाईची एक अट होती. बारा झाडं फार कमी. स्टुटगार्टला साठ घेऊन या, आणि त्यात न कापलेलीही वीस, न खाल्लेली. शिवाय मदत कुणाची झाली ते फॉर्मवर लिहा, लपवू नका. स्टुटगार्ट एप्रिलच्या शेवटी, माझं विमान दहा तारखेला. मी तिथे नसणार हे मी त्याच क्षणी मोजलं होतं. मोजून झालं होतं, म्हणून डोळ्यांत काही आलं नाही.

रविवारी दुपारी वल्लरी फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. नाव: कुंदा श्रीरंग शेळवणे. नातं: आजी. पुढचा रकाना आला तशी ती थांबली.

"व्यवसाय. काय लिहू? पप्पा म्हणतात गृहिणी."

"पप्पांना विचार, अकरा एकर हरभरा गृहिणीनं काढला का?"

पद्माकर आतून म्हणाला, "शेतकरी लिही."

तिनं लिहिलं. जर्मन शब्द लांबलचक होता, मी बोट ठेवून पाहिला, चांगला दिसत होता.

"आता शेवटचं. मदत कसली?" ती लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होती. "कोणता फुटवा वरचढ होईल हे बुडाच्या जाडीवरून ओळखलं..."

"थांब. ते दुसरं."

"मग पहिलं काय?"

"पहिलं, कंट्रोलची बारा झाडं खुडून खाल्ली. ते वर लिही. मग ओळखलं ते. जसं झालं तसं."

"आजी, स्टुटगार्टचे लोक हसतील."

"हसू दे. हसून झाल्यावर खालची ओळ वाचतील."